‘फक्त दोन टाक्या चाललेली’ नायट्रो कार घेण्याआधी

‘फक्त दोन टाक्या चालवली आहे. ब्रेक-इन पूर्ण. मुलगा अभ्यासाला लागला म्हणून विकणे आहे.’ अशी इंजिनावर चालणाऱ्या रिमोट कारची जाहिरात दिसली असेल (दोन टाक्या म्हणजे टाकी दोनदाच भरून चालवलेली, ब्रेक-इन म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवून रुळवणं) आणि घरातल्या पोराने भुणभुण लावली असेल, तर हे वाचा आणि मग फोन करा. आमचे साडेचौदा हजार यात गेले.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत काम करते. क्यूआर कोड स्कॅन करायला लावून खातं रिकामं करणारे, ‘बदली झाली म्हणून स्कूटर विकतोय’ म्हणणारे तोतये जवान, पार्सलमध्ये वीट पाठवणारे, असले किस्से आमच्या काउंटरवर कायम ऐकायला मिळतात. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. त्यामुळे पैशाच्या बाजूने हा व्यवहार चोख झाला. पार्सल वेळेवर आलं. आत वीट नव्हती, गाडीच होती, आणि व्हिडिओत दाखवलेलीच होती. एक लबाडी होती ती इंजिनाच्या पोटात, दुसरी फोनवरच्या एका वाक्यात.

चिरंजीवांची दहावी झाली आणि त्याला धुराची, आवाजाची गाडी हवी होती. बॅटरीवरची त्याच्याकडे होतीच. कोल्हापुरात आरएक्स हंड्रेडचा आवाज ऐकून मान न वळवणारं पोरगं विरळा, आणि आमच्या शेडमध्ये तर त्याच्या बाबांची १९९४ची अजून उभी आहे. ‘बॅटरीवरचीच घ्या, कटकट नाही,’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. सल्ला शहाणपणाचा आहे, पण ज्याला कार्ब्युरेटर उघडून बघायचाय त्याच्या हातात चार्जर देऊन काय उपयोग?

आपल्याकडे या सगळ्या गाड्यांना सरसकट ‘पेट्रोलवाली रिमोट कार’ म्हणतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. खरोखर पेट्रोलवर चालणारी गाडी बहुधा खऱ्या गाडीच्या एक-पंचमांश मापाची असते. दोन्ही हातांनी उचलावी लागते. इंजिन २३ सीसीच्या पुढे, त्याला स्पार्क प्लग, आणि टाकीत टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल. पोरांसाठी सहसा घेतली जाते ती एक-दशांश मापाची, आणि ती असते नायट्रो. इंजिन ३ सीसीच्या आसपास. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन (गाड्यांच्या इंधनात साधारण १६ ते २५ टक्के) आणि ऑइल. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला इग्नायटर (प्लगवर अडकवायचं, बॅटरीवर चालणारं साधन) लावून लाल करायची. एकदा इंजिनाने धरलं की आतली उष्णता आणि मिथेनॉलची त्या प्लॅटिनमवर होणारी क्रिया यांवर तार लाल राहते, मग इग्नायटर काढायचा. पेट्रोलचं प्लॅटिनमशी तसं जमत नाही. नायट्रोत पेट्रोल घातलं तर इग्नायटर काढला की खेळ खलास. आज हे मी झोपेतही सांगेन.

नवीच का नाही घेतली, असं बरेच जण विचारतात. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा झाला. देशी खेळण्यांसाठी ते चांगलं असेलही. पण बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या किमती वाढल्या आणि लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या गाड्यांना भाव आला. आमच्या विक्रेत्यासारख्यांचं फावलं ते यात.

हा विक्रेता पुण्याचा. जाहिरातीत अठरा हजार, घासाघीस करून साडेचौदावर आला. बोलणं इतकं अदबीचं की विचारू नका. मी म्हटलं, आगाऊ रुपया देणार नाही. चालेल मॅडम. ट्रॅव्हल्सच्या पार्सल ऑफिसची पावती पाठवलीत की निम्मे, पार्सल उघडून बघितलं की उरलेले. चालेल मॅडम. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवा. दाखवली. चालू करून दाखवा. ‘आत्ता सोसायटीत आवाज होतो, व्हिडिओ काढून पाठवतो,’ म्हणाला आणि संध्याकाळी पाठवलाही. दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू, निळसर धूर, पोरगं खूश. मिनिटभराचाही नव्हता तो व्हिडिओ. त्यात इंजिनाच्या डोक्यावर एक चकचकीत दांडी शेवटपर्यंत उभी दिसते. ती काय, ते आम्हाला नंतर कळलं.

आता ते फोनवरचं वाक्य. किंमत, पत्ता, फोटो, ‘दोन टाक्या’, सगळं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं. मी लिहून विचारलं, ‘याचं इंधन कोल्हापुरात कुठे मिळेल?’ याचं उत्तर लिहून आलं नाही, फोन आला. ‘ताई, त्या महागड्या इंधनाच्या नादी कशाला लागता? पेट्रोल घाला, थोडं टू-टी ऑइल टाका, मस्त पळते.’ तोवर मी मॅडम होते, इथे ताई झाले. आमच्या घरी टू-टीची बाटली असतेच, त्यामुळे ऐकायला ते फार सोयीचं होतं.

पार्सल आलं. बॉडीचं रंगकाम नवंकोरं, टायरांवर रबराचे केस अजून तसेच, खोका नीटनेटका. उरलेले पैसे पाठवले. आमच्या घराजवळच्या मैदानावर टाकीत पेट्रोल-ऑइल घालून पोराने दोरी ओढली. इग्नायटर प्लगवर असेपर्यंत इंजिन फट्‌फट्‌ करायचं. काढला की बंद. पुन्हा ओढ, पुन्हा बंद. शेवटी पोराच्या तळहाताला दोरीच्या मुठीचा वळ उठला. त्याच रात्री मी विक्रेत्याला लिहिलं, आणि यावेळी उत्तर लगेच, लिहून, मुद्देसूद आलं: ‘मॅडम, तुम्ही नायट्रो इंजिनात पेट्रोल घातलंत? मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई आहे. इंजिन तुम्ही घालवलंत. आता परत घेता येणार नाही.’ पुन्हा मॅडम.

डाव कसा बांधलेला होता बघा. मेलेलं इंजिन विकायचं, आणि ते मारल्याचा आळ घेणाऱ्यावर येईल अशी सोय फोनवर, कागद न ठेवता, आधीच करून ठेवायची. बहुतेक पालक इथेच गप्प बसत असणार, कारण पेट्रोल तर आपल्याच हाताने घातलेलं असतं.

इंजिन खरंच पेट्रोलने गेलं का, हे बघायला ते घेऊन आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. पंपाच्या शाफ्टपासून बुलेटच्या हेडपर्यंत सगळं त्यांच्या लेथवरून गेलेलं आहे. त्यांनी अंगठ्याएवढं ते इंजिन तळहातावर घेतलं, हेडचे स्क्रू काढले, पिस्टन बाहेर घेतला आणि भिंगातून बघत बसले. ‘वहिनी, याला रिंगच नाही की हो. कॉम्प्रेशन धरतंय कशावर हे?’

उत्तर मिळालं ते आमच्या गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून. तो एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता, विमानांची मॉडेलं उडवतो, आणि त्या विमानांनाही हीच ग्लो इंजिनं असतात. या छोट्या इंजिनांत बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, असते. ती स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती ठेवतात. थंड असताना पिस्टन वर जाऊन तिथे अडकतो. इंजिन तापलं की वरचा भाग जास्त फुगतो आणि स्लीव्ह बरोबर मापाला येते. पिस्टनभोवतीच्या रिंगचं, म्हणजे आतला दाब निसटू न देण्याचं काम हे अडकणंच करतं. वापरून वापरून क्रोम घासलं, की थंडपणी अडकणं जातं, आणि तापल्यावर तर पिस्टनच्या बाजूने वारा जायला लागतो.

त्याने स्वतःचं विमानाचं जपानी इंजिन आणलं होतं. दोन्ही इंजिनं, दोन्ही थंड, प्लग काढलेले, मिस्त्रींच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवली. त्याचं इंजिन फिरवताना पिस्टन वर आला की घट्ट व्हायचा, अंगठ्याने रेटल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि सुटताना बारीक ‘टक्’. आमच्या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे बाहेरचं फिरणारं चाक, करंगळीने गरागरा फिरलं. कुठे अडकणं नाही, काही नाही. स्लीव्ह उजेडात धरली तर वरच्या बाजूला क्रोम जाऊन पितळेचा पिवळा पट्टा दिसत होता आणि एका बाजूला उभे ओरखडे. मागच्या बेअरिंगवर तांबूस गंज. मिस्त्री म्हणाले, ‘चार फटक्यांच्या पेट्रोलनं हे हुतंय व्हय? हे लई दिवसांचं दुखणं हाय.’ गंजही त्याचीच साक्ष. चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, उरलेलं इंधन जाळून इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे थेंब घालायचे असतात. ते केलं नाही तर मिथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि बेअरिंग आतून खातं. हे दोन टाक्यांत होत नाही.

मग व्हिडिओत ती सुरू कशी झाली? त्या इंजिनिअरिंगच्या पोराने इंजिन पुन्हा जोडलं, पेट्रोलने फुगलेली सिलिकॉनची नळी बदलली, स्वतःचं विमानाचं इंधन थोडं घातलं आणि सिलिंडरमध्ये ऑइलचे थेंब सोडले. ऑइलने फट भरली, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झालं. इग्नायटर लावून ठेवला तोवर छान गुरगुरलं. जरा तापलं आणि आचके देत बंद पडलं. त्यानंतर पूर्ण थंड होईपर्यंत दाद नाही. व्हिडिओत डोक्यावर उभी असलेली ती चकचकीत दांडी म्हणजे इग्नायटर. तो काढून दाखवलाच नव्हता.

आपल्याकडे जुनी मोटरसायकल बघायला जाणारा माणूस आधी सायलेन्सरला हात लावतो. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवली, असा संशय. थंड गाडी किकला सुरू झाली की सौदा. नायट्रोचं बरोबर उलटं. थंड सुरू होणं फारसं काही सांगत नाही. विक्रेत्याला म्हणावं, इग्नायटर काढून अर्धी टाकी तरी पळवा, हेडचं तापमान मोजून दाखवा (९० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं, तापमानाची बंदूक हजारभरात मिळते), बंद करा आणि तसंच गरम असताना पुन्हा सुरू करा. एकाच सलग व्हिडिओत, मधे न तोडता. जो हे करायला कां कू करतो त्याचं इंजिन कसं आहे ते कळलंच.

शक्य असेल तर व्हिडिओवर न थांबता जाऊनच बघा. थंड इंजिनाचा ग्लो प्लग काढायला लावा आणि फ्लायव्हील बोटाने फिरवा. वर अडकलं पाहिजे. नवीन इंजिन तर इतकं अडकतं की दोरी ओढवत नाही, त्याला घाबरू नका. बाकीच्या खुणा त्या इंजिनिअरिंगच्या पोराने आम्हाला आमच्याच गाडीवर दाखवल्या. क्लच बेलचे (इंजिनाची गती चाकांकडे नेणाऱ्या दातेरी भागाचे) दात झिजून टोकदार झालेले. स्क्रूंची डोकी गोल झालेली, म्हणजे अनेकदा उघडलेली गाडी. टायर नवे, पण चाक ज्या षटकोनी नटावर बसतं त्याचे कोपरे गेलेले. आणि चासीच्या खालच्या बाजूला कार्बन फायबरसारखं दिसणारं काळं स्टिकर. मला ते सजावटीचं वाटलं होतं. नखाने कोपरा उचलून ओढलं तर खालून अ‍ॅल्युमिनियमवर आडवेतिडवे इतके ओरखडे निघाले की गाडी डांबरावर, खडीवर वर्षानुवर्षं घासली असणार. विक्रेत्याने पाठवलेले सगळे फोटो वरून काढलेले होते. खालून काढलेला फोटो मागा. बॉडी आणि टायर बदलायला फार खर्च येत नाही, म्हणून नेमक्या त्याच गोष्टी नव्या असतात.

एका गोष्टीवर मात्र मला फसवणुकीपेक्षाही जास्त राग आला. गाडीबरोबरचा रिमोट मूळचा नव्हता, कुठला तरी स्वस्त जोड बसवलेला होता आणि त्याला फेलसेफ नव्हतं. रिमोटचा सिग्नल तुटला की कार्ब्युरेटर बंद होऊन ब्रेक लागला पाहिजे, त्याला फेलसेफ म्हणतात. दोन-अडीच किलोची नायट्रो थ्रॉटल उघडा राहून लहान पोरांच्या घोळक्यात शिरली तर पाय मोडेल कुणाचा तरी. तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही. इंजिन बंद, गाडी खोक्यावर ठेवून चाकं अधांतरी, गाडीतला सिग्नल घेणारा रिसीव्हर चालू, थ्रॉटल थोडा ओढून धरायचा आणि रिमोट बंद करायचा. सर्व्हो, म्हणजे थ्रॉटल आणि ब्रेक ओढणारी छोटी मोटर, ब्रेककडे गेला पाहिजे. आमचा होता तिथेच थांबला. ही गाडी विक्रेत्याने एका मुलासाठी म्हणून मागणाऱ्या आईला विकली, हे मला विसरता येत नाही.

इंधनाचंही सांगून टाकते, कारण ‘पेट्रोल चालतं’ या थापेचं खरं गिऱ्हाईक म्हणजे खर्चाला बिचकणारे पालक. नायट्रोचं इंधन महाग आहे, लिटरला पेट्रोलच्या कित्येक पट, आणि ज्वलनशील म्हणून ते साध्या कुरिअरने, पोस्टाने येत नाही. मोठ्या शहरातल्या हॉबीच्या दुकानातून आणावं लागतं. गाडीच्या किमतीत इंधन, जादा ग्लो प्लग, इग्नायटर, आफ्टर-रन ऑइल धरलं नाही तर हिशेब चुकतोच. शिवाय मिथेनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलची दारू पिऊन. ते त्वचेतूनही अंगात जातं, आणि पेटलं तर भर उन्हात त्याची ज्योत धड दिसत नाही. मुलाच्या खोलीत ही बाटली ठेवायची नाही. आमच्याकडे आता कुलपात असते, आणि भरताना हातमोजे.

तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला आणि सायबर पोर्टलवरही नोंदवलं. जुनं चारशेवीस कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तोंडात मात्र अजून चारशेवीसच येतं. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, पहिला प्रश्न आला तो विक्रेता व्यापारी आहे की खाजगी माणूस. घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्यावर ग्राहक कायदा सहसा लागत नाही. तेव्हा आम्ही त्याच्या इतर जाहिराती शोधल्या. नावं वेगळी, गावं वेगळी, पण फोटोंतली फरशी तीच, तपकिरी ठिपक्यांची आणि एका कोपऱ्यात तडा गेलेली. एकात ‘मुलगा अभ्यासाला लागला’, दुसऱ्यात ‘मुलगा परदेशी गेला’. सगळ्या गाड्या दोनच टाक्या चाललेल्या. हे स्क्रीनशॉट जोडले तेव्हा प्रकरण पुढे सरकलं. पैसे अजून आलेले नाहीत आणि येतील यावर माझा फार भरवसा नाही. नवी पिस्टन-स्लीव्ह, बेअरिंगं आणि फेलसेफवाला रिमोट यांचा खर्च काढला तर नव्या साध्या गाडीच्या जवळ जातो. तरी मुलाने तीच उभी करायची ठरवली आहे, आणि मिस्त्रींच्या बाकाची एक कड सध्या त्याच्या ताब्यात आहे.

आमच्या तक्रारीत लंगडी बाजू एकच राहिली, ती पेट्रोलची, कारण ते बोलणं फोनवर झालं. म्हणून विक्रेता फोनवर जे सांगेल ते फोन ठेवल्या ठेवल्या लिहून पाठवा: ‘आत्ता तुम्ही सांगितलंत की यात पेट्रोल चालतं, बरोबर ना?’ माझ्या भाच्याने त्याच फरशीवरच्या दुसऱ्या गाडीसाठी त्याला मुद्दाम फोन केला. पेट्रोलचं वाक्य जसंच्या तसं आलं, फक्त ताईच्या जागी दादा. भाच्याने लगेच ते लिहून विचारलं. दोन निळ्या टिका आल्या, आणि थोड्या वेळाने भाच्याचा नंबर ब्लॉक झाला.